काळ्या किनारीचा कागद

रॉमसी, हॅम्पशायर
८ जानेवारी १८५०

प्रिय एनॉक,

तुझं जहाज 'कॉन्स्टन्सी' भूमध्य समुद्रात आहे, एवढंच साउदॅम्प्टनच्या एका खलाशाकडून कळलं. म्हणून हे पत्र माल्टाच्या पत्त्यावर टाकते आहे. पोचेल की नाही देव जाणे. चार वर्षांत तू एक ओळ लिहिली नाहीस आणि मीही नाही. मी लिहिलं नाही, कारण आईनं बजावलं होतं. तू का लिहिलं नाहीस ते मला ठाऊक आहे.

आधी एक सांगून टाकते. कागदाच्या काळ्या किनारीकडे लक्ष देऊ नकोस. डिसेंबरात अॅडलेड राणीसाहेब वारल्या, आपल्या महाराणींच्या काकू, आणि सगळ्या देशानं सुतक पाळलं. जेरम कागदवाल्यानं काळ्या किनारीचे कागद, पाकिटं आणि काळी लाख यांनी दुकान भरून टाकलं, आणि सुतक त्याच्या अंदाजाआधीच फिटलं. आता अर्ध्या किमतीत विकतोय. "घे केझाया, कागद चांगला जाड आहे. राणी काय परत मरणार आहे?" असं म्हणाला. हे बोलणं मला बरं वाटलं नाही, पण दस्ता घेतला. गावात सध्या जो तो यावरच लिहितो. काल खाटकाचं बिलसुद्धा काळ्या किनारीचं आलं. तेव्हा घाबरू नकोस. आई आहे.

आहे, पण बरी नाही. पाय सुजतात, दोन चादरी पिळल्या की श्वास लागतो. लोकांचे कपडे धुवायला घेणं तिनं निम्म्यावर आणलंय. डॉक्टर म्हणाले, हा हिवाळा निघेल, पुढच्याचं सांगता येत नाही. मी त्यांना नीट विचारून घेतलं, म्हणजे तुला चुकीचं काही कळवायला नको.

तुझं नाव ती घेत नाही. पण वारा सुटला की विचारते, "समुद्रावर असाच असेल का गं?"

मी म्हणते, "कुणासाठी विचारतेस?"

"कुणासाठी म्हणजे? वाऱ्यासाठी."

मी आता शाळेत मदतनीस शिक्षिका आहे. भूगोल माझ्याकडे आहे. भिंतीवर नकाशा आहे आणि त्याशेजारी परराष्ट्रमंत्री लॉर्ड पामर्स्टन यांचं चित्र. आपल्या गावच्या माणसानं जगाचा कारभार बघावा याचा मुलींना फार अभिमान. मलाही आहे, पण घरी बोलत नाही. त्यांचा घोडा आपल्या गल्लीवरून गेला की सगळ्या बाया गुडघा वाकवतात आणि आई तेवढी पाठ फिरवून कपडे वाळत घालते. त्यांनीच आरमार पाठवलं आणि बाबा सीरियाच्या किनाऱ्यावर आक्राच्या किल्ल्यापुढे पडले, हे ती दहा वर्षांत विसरलेली नाही. मागे मी धडा तयार करताना मोठ्यानं वाचलं, की त्या लढाईत आपली फारच थोडी माणसं पडली. ती म्हणाली, "थोडी म्हणजे किती? माझा तर एकच होता."

तुझ्या जहाजाची मुदत या उन्हाळ्यात संपते म्हणतात. घरी ये, एनॉक. नुसता दाराशी येऊन उभा राहा, पुढचं मी बघते.

शाईचे दोन डाग पडलेत, माफ कर.

तुझी बहीण,
केझाया

---

सालामिसचा उपसागर
२० फेब्रुवारी १८५०

केझी,

तुझं पाकीट मिळालं. लेफ्टनंट नावं पुकारत होता. माझं पाकीट हातात आल्यावर काळी कड दिसली आणि त्यानं आवाज खाली आणला. तेव्हाच कळलं.

उघडलेलं नाही. उघडणारही नाही. बंद आहे तोवर नुसती किनार आहे. उघडलं की तू लिहिलेलं असणार, कोणत्या दिवशी, कशानं, शेवटी काय म्हणाली. आणि शेवटी तिनं माझं नाव घेतलं असेल तर मला सोसणार नाही, घेतलं नसेल तरीही नाही. पाकीट पेटीत तळाशी ठेवलंय.

आमच्याकडे रीत आहे. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला त्या दिवशी सगळे आपल्या रममधला एकेक घोट देतात. ओबेड टक म्हणून माझा सोबती आहे, त्यानं सगळीच दिली. त्याला कुणीच नाही, त्याच्या नावाचं पत्र कधी आलेलं नाही. म्हणाला, "माझ्या आईसाठी कुणी घोट दिला नव्हता, कारण मला ती कोण तेच माहीत नाही. तुझीच अर्धी माझी समज."

आम्ही इथे काय करतोय ते तुला वर्तमानपत्रात कळलं असेल. डॉन पॅसिफिको नावाच्या व्यापाऱ्याचं अथेन्समधलं घर जमावानं लुटलं. तो जिब्राल्टरचा जन्मलेला, म्हणून इंग्रज प्रजा. ग्रीकांचं सरकार भरपाई देईना, म्हणून तुझ्या लॉर्डसाहेबांनी सगळा ताफा इथे आणून उभा केलाय. त्या माणसानं लुटीच्या यादीत आपल्या पलंगाची किंमत एवढी लावली आहे की जहाजावर सगळे या मोहिमेला पलंगाची लढाई म्हणतात. पण लढाई नाहीच. ग्रीकांच्या बोटी अडवायच्या, दोरी बांधून ओढत आणायच्या, बस्स. परवा एका बोटीत लिंबं होती आणि एक म्हातारी. लिंबं सडत चालली होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, मग पाठ फिरवली आणि समुद्राकडे तोंड करून बोलत राहिली. ओबेड म्हणाला, "शिव्या देतेय." मी म्हटलं, "मला ही भाषा येते."

मी निघालो त्या सकाळी आई इस्त्री करत होती. म्हणाली, "एक आक्राला दिला, तेवढा पुरे." मी गाठोडं उचललं. मग म्हणाली, "गेलास तर या दाराची कडी पुन्हा वाजवायची नाही." मी म्हटलं, "नाही वाजवणार." झालं. चार वर्षं त्या एका वाक्यावर काढली. केझी, मला वाटायचं ती कायमची तिथे आहे, इस्त्री हातात घेऊन, आणि मी कधीही गेलो तरी असेल.

ती माझ्या शर्टांच्या कॉलरला आतून निळ्या दोऱ्याचा एक टाका घालायची, लोकांच्या कपड्यांत मिसळू नयेत म्हणून. एका शर्टावर तो अजून आहे. तो शर्ट मी घालत नाही आणि धूतही नाही. तिच्यासारखी बाई मी कुठल्या बंदरावर पाहिली नाही. हे तिला सांगायचं राहिलं.

आता घरी येण्यात काय उरलंय? तू शिकलीस, तुझं बरं होईल. 'लॅपविंग' नावाचं लहान जहाज माल्टाहून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाणार आहे, गुलामांची जहाजं पकडायला. तापाच्या भीतीनं कुणी जायला बघत नाही. मी नाव दिलंय. ओबेडनंही दिलं. तीन वर्षं लागतील. मला चालेल.

तुझा भाऊ,
एनॉक

---

रॉमसी
२७ मार्च १८५०

प्रिय एनॉक,

आई जिवंत आहे. आई जिवंत आहे. पाकिटावर बाहेरही मी तेच मोठ्या अक्षरात लिहिलंय. पोस्टातला माणूस म्हणाला, "बाई, पाकिटावर पत्ता लिहायचा असतो, मजकूर आत." मी म्हटलं, "आतला मजकूर वाचत नाहीत आमच्याकडे." कागद पांढरा घेतलाय, लाख तांबडी.

चूक माझी आहे. किनारीचा अर्थ काही नाही हे मी नीट लिहिलं, पण पत्राच्या आत. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसेल हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. आमच्याकडे तर खाटीकही त्यावर लिहीत होता. मी मुलींना शिकवते की प्रत्येक गोष्ट ऐकणाऱ्याच्या बाजूनं बघावी. आता तो धडा घेताना माझा आवाज बसतो.

तुझं पत्र मी एकदा मनात वाचलं आणि तशीच बसून राहिले. आई चुलीपाशी होती. म्हणाली, "कुणाचं?" मी खोटं बोलू शकले नाही. म्हटलं, "एनॉकचं. त्याला वाटतंय तू गेलीस."

तिनं हात पुसले, खुर्ची ओढली, चर्चमध्ये बसतात तशी बसली आणि म्हणाली, "वाच."

मी सगळं वाचलं. कडीचं आलं तेव्हा तिनं मान हलवली, म्हणजे बरोबर आहे. इस्त्रीचं आलं तेव्हा हलली नाही. शर्टाचं आलं तेव्हा एकदम म्हणाली, "धूत नाही? चार वर्षं? काय म्हणत असतील लोक, धोबिणीचा मुलगा म्हणे." आणि मग, "तिच्यासारखी बाई पाहिली नाही" हे मला तीनदा वाचायला लावलं. शेवटी म्हणाली, "मेल्यावर एवढं गोड बोलतो होय. आधी कळलं असतं तर कधीच मेले असते."

ती हसत होती, एनॉक. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

पण आफ्रिकेचं वाचलं आणि हसू गेलं. म्हणाली, "तो तिकडे मरायला चाललाय. मी इथे बसलेय आणि तो माझ्यासाठी मरायला चाललाय. लिही त्याला. आत्ता."

मी म्हटलं, "काय लिहू? परत ये, कडी वाजव, असं लिहू?"

"नाही. मी बोलले ते बोलले. शब्द मागे घ्यायची मला सवय नाही."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती पक्कड घेऊन दाराशी बसलेली, आणि कडी उपसून काढलेली. भिंतीचा चुना निघालाय. म्हणाली, "आता कडीच नाही. वाजवायचा प्रश्न मिटला. ढकललं की उघडतं, हे लिही." रात्री दार लोटून त्याला जड इस्त्री टेकवतो. वारा येतो, पण ती कडी परत लावू देत नाही.

जाऊ नकोस. नाव मागे घे. कॅप्टनला माझं पत्र दाखव.

केझाया

---

माल्टा
३१ मार्च १८५०

केझी,

घाईत लिहितोय, टपालाची होडी खाली उभी आहे. 'लॅपविंग' उद्या निघते. ओबेड माझ्याबरोबर आहे, खूश आहे, कारण कुणीतरी त्याला सांगितलंय की तिकडे संत्री फुकट मिळतात.

तुझं पाकीट समुद्रात सोडणार होतो. हातात घेतलं आणि पुन्हा पेटीत ठेवलं. कागद जाड आहे. चांगला घेतलास तिच्यासाठी.

आईच्या थडग्यावर माझ्या नावानं काही ठेव. फुलं नकोत, तिला फुलांचे डाग आवडायचे नाहीत. निळा दोरा ठेव.

एनॉक

---

रॉमसी
३ जुलै १८५०

प्रिय एनॉक,

माझं मार्चचं पत्र परत आलं. 'या जहाजावर नाही' असा शेरा आहे. कुठल्यातरी बंदरावर साथीच्या भीतीनं त्याला दोन चिरा पाडून व्हिनेगरची धुरी दिलेली आहे. 'आई जिवंत आहे' या अक्षरांतून एक चीर गेली आहे. आई म्हणाली, "बघ, मला कापलंसुद्धा."

तेच पत्र आता यासोबत आफ्रिकेच्या ताफ्याच्या पत्त्यावर पाठवते. या पाकिटाचा रंगही पांढरा आहे.

मे महिन्यात एका बातमीनं मी फार अस्वस्थ झाले. तुमच्या त्या पलंगाच्या भांडणाचा समेट लंडनमध्ये एप्रिलमध्येच झाला होता. फ्रान्सच्या वकिलाशी बसून सगळं ठरलं होतं. पण ते कळवणारं पत्र अथेन्सला वेळेत पोचलंच नाही. तिथल्या आपल्या माणसांनी बंदरं पुन्हा अडवली, ग्रीकांना नमवलं, आणि फ्रान्स इतका चिडला की त्यानं आपला वकील माघारी बोलावला. सगळे म्हणत होते, आता लढाई होणार. मी वाचून थबकले. राज्यांची पत्रंसुद्धा उशिरा पोचतात. आणि त्यांच्याकडे तर खास घोडेस्वार असतात, आगबोटी असतात.

गेल्या आठवड्यात लॉर्डसाहेबांना संसदेत जाब विचारला गेला. ते संध्याकाळी उभे राहिले ते पहाटेपर्यंत बोलले. मुख्य शिक्षिका मिस ट्रोड यांनी वर्तमानपत्र शाळेत आणलं आणि मला वाचायला सांगितलं. इंग्रज प्रजाजन कुठल्याही देशात असो, इंग्लंडची नजर त्याच्यावर आहे आणि इंग्लंडचा हात त्याला राखील, असं ते म्हणाले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या की नाही, आठवत नाही. घरी येऊन आईला वाचून दाखवलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कुठल्याही देशात?"

"हो."

"मग त्यांना म्हणावं, माझा एनॉक आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आहे. हात नको, नुसता एक निरोप पोचवा. आई आहे म्हणावं. एवढ्यानं होईल."

ती टोमणा मारत नव्हती, एनॉक. खरंच विचारत होती. दहा वर्षं पाठ फिरवलेल्या माणसाकडे ती मागत होती, आणि ते मागायला मला पाठवत होती.

मी गेले. शनिवारी चांगला झगा घालून ब्रॉडलँड्सला, लॉर्डसाहेबांच्या वाड्याच्या फाटकाशी गेले. काय म्हणायचं ते आधी लिहून पाठ केलं होतं. फाटकावरच्या म्हाताऱ्यानं सगळं नीट ऐकलं. म्हणाला, "पोरी, साहेब लंडनला आहेत. आणि असते तरी तुझ्यापुढे रांगेत रशियाचा झार आहे, फ्रान्सवाले आहेत आणि एक ग्रीसचा राजा आहे."

मी म्हटलं, "माझं काम त्यांच्याहून लहान आहे."

"म्हणून तर होणार नाही," तो म्हणाला. पण मला पाणी दिलं, आणि मी निघताना म्हणाला, "माझाही एक तिकडेच होता." कुठे, ते मी विचारलं नाही. आता वाटतं विचारायला हवं होतं.

आईला सांगितलं, साहेब नव्हते. ती म्हणाली, "असतील कुठेतरी कुणाला राखत."

ती आता कपडे धूत नाही. दाराशी खुर्ची टाकून बसते. दार उघडंच असतं, म्हणून शेजारणी जाता-येता आत येतात आणि तिला ते आवडत नाही, पण कडी लावू देत नाही.

हे पत्र पोचू दे. दुसरं काही मागत नाही.

केझाया

---

फ्रीटाउनचं बंदर
५ सप्टेंबर १८५०

केझी,

मी तुझं पत्र उघडलं.

ओबेड गेला. ताप आला आणि अंगातून उतरलाच नाही. मलाही आला होता, पण मी उठलो. शेवटच्या दिवसांत तो भ्रमात नव्हता, नुसता पडून असायचा. एकदा म्हणाला, "एनॉक, तुझ्याकडे न वाचलेलं पत्र आहे, आणि मी इथे कुणीतरी चार शब्द वाचून दाखवील म्हणून पडलोय. वाच ना. तुझ्या आईतली अर्धी माझी ठरली आहे."

मी म्हटलं, "त्यात मरण आहे."

तो म्हणाला, "मग मला चालेल तसलंच."

म्हणून उघडलं. दुसऱ्याच परिच्छेदाशी माझा आवाज थांबला. तो म्हणाला, "काय झालं?" मी पुढचं वाचलं, राणीचं, जेरमचं, खाटकाचं. आणि 'आई आहे'. ओबेड इतका हसला की खोकल्यानं निळा पडला. म्हणाला, "माझी सगळी रम परत दे." मग पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. वाऱ्याचं त्याला फार आवडलं. "कुणासाठी म्हणजे, वाऱ्यासाठी," असं स्वतःशीच म्हणत होता. दोन दिवसांनी गेला. त्याला ती आपलीच वाटत होती असं मला वाटतं.

मी वेडा आहे, केझी. सहा महिने मी तिला पेटीच्या तळाशी पुरून ठेवलं आणि ती तिथे वाऱ्याबद्दल विचारत होती.

तापातून उठलेल्यांना नव्या वर्षात घरी पाठवतात. माझं नाव त्यात आहे. मार्चपर्यंत येईन. पुढचं आईला वाचून दाखव.

आई, मी एनॉक. मी कडी वाजवणार नाही असं म्हणालो होतो. मी आता वाजवणार आहे. तू उघडलं नाहीस तरी वाजवीन. निळ्या टाक्याचा शर्ट घेऊन येतोय, तो तूच धू. आणि एक सांगायचंय. बाबांना ज्यांनी आक्राला पाठवलं आणि मला लिंबांच्या बोटी अडवायला पाठवलं, त्यांच्याच हुकमानं परवा आम्ही एक गुलामांचं जहाज पकडलं. तळघराचं झाकण काढलं, आणि माणसं वर येत राहिली, डोळ्यांवर हात धरून. बराच वेळ येत राहिली. एक बाई वर आली, तिनं उजेडात आपल्या मुलाचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, आणि दुसरं काही करायच्या आधी तेच केलं. मला तू आठवलीस. हे मी लॉर्डसाहेबांच्या बाजूनं सांगत नाही. तुला पटणार नाही हे माहीत आहे. पण मी होतो तिथे, म्हणून सांगतो.

लवकर लिहा. तुमचं पाकीट कुठल्याही रंगाचं असो, आता उघडीन.

एनॉक

---

रॉमसी
९ नोव्हेंबर १८५०

प्रिय एनॉक,

हे पत्र कसल्या कागदावर लिहायचं यात मी तीन संध्याकाळी घालवल्या. जेरमचा तो दस्ता अजून माझ्याकडे आहे, आता त्याच्यावर लिहिणं बरोबर ठरलं असतं. पण तू म्हणालास तरी माझा विश्वास बसत नाही. काळी किनार दिसली तर तू पुन्हा पेटीच्या तळाशी ठेवशील. आणि पांढरा घेतला तर तू हसत उघडशील, ओबेडच्या जागी दुसऱ्या कुणाला ऐकवायला बसशील. दोन्हींत तुझ्यावर अन्यायच आहे. शेवटी पांढरा घेतला, कारण निदान उघडला जाईल. तू हसत उघडलं असशील तर मला माफ कर. बसून घे.

आई १४ ऑक्टोबरला गेली. सकाळी, खुर्चीत, दाराशी. मी शाळेत होते. शेजारणीनं बोलावणं पाठवलं तोवर झालं होतं. वेदना झाल्या नसाव्यात असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारलं.

तुझं पत्र त्यानंतर अकरा दिवसांनी आलं.

तुला जे कळवायला हवं ते सगळं कळवते, काही वगळत नाही. सप्टेंबरात एकदा ती म्हणाली, "मी गेले तर त्याला लिहू नकोस. त्याच्या लेखी मी गेलेलीच आहे. एकदा रडलाय, पुरे झालं. त्याच पोराला दोनदा कशाला रडवायचं." मी म्हटलं, "आई, हे खोटं होईल." ती म्हणाली, "खोटं कसलं? नुसतं उशिरा खरं होईल." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तुझं पत्र आलं नसतं तर मी काय केलं असतं, हे मला अजून सांगता येत नाही. पण आता तुला ती जिवंत आहे हे ठाऊक झालं, म्हणून लिहावंच लागलं. हे ओझं तुझ्यावर टाकल्याबद्दल ती मला बोलली असती.

तू शेवटी तिनं तुझं नाव घेतलं का ते विचारशील. मी तिथे नव्हते. शेजारीण म्हणते, वारा सुटला होता आणि आई बाहेर बघत होती. बोलली काही नाही.

तुझं तिच्यासाठीचं पत्र मी तिच्याकडे जाऊन मोठ्यानं वाचलं. चर्चच्या आवारात कुणी नव्हतं, तरी मला संकोच वाटला. गुलामांच्या जहाजाचंही वाचलं, एक शब्द न गाळता. ती काय म्हणाली असती याचा मी अंदाज करत नाही. निळा दोरा ठेवला आहे, त्यावर लहान दगड.

शाळेत मी अजून तोच नकाशा शिकवते. एका मुलीनं विचारलं, "बाई, आफ्रिका किती लांब आहे?" मी तिला आगबोटीचे आठवडे सांगणार होते, आणि सांगितले नाहीत. काल गल्लीतून लॉर्डसाहेबांची गाडी गेली असं शेजारणी म्हणतात. माझ्या हातात तुझ्यासाठी धुतलेल्या चादरी होत्या. मी वाकले नाही आणि पाठही फिरवली नाही. चादर वर धरली होती, तिच्याआडून काही दिसलं नाही.

घर फार शांत आहे. थंडी वाढली आहे. सुतारानं येऊन विचारलं, कडी बसवून देऊ का, एकट्या बाईनं असं राहू नये. मी नको म्हटलं. रात्री दाराला जड इस्त्री टेकवते आणि सकाळी काढते.

मार्चमध्ये येशील तेव्हा वाजवायला काही नाही, एनॉक. नुसतं ढकल.

केझाया